पूरग्रस्त मुलांच्या शाळेला वाली कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, औषधसाठा कुठे ठेवला, चाऱ्याची सोय काय, कोणत्या पुलावरची वाहतूक केव्हा बंद करायची, हे सर्व विषय तिथे निघतात आणि ते निघायलाच हवेत. शिक्षण विभागाची पाळी येते तेव्हा मात्र, माझ्या सेवाकाळातील अनुभवानुसार, विचारणा बहुधा एकच असते: निवारा केंद्रासाठी कोणत्या शाळा ताब्यात मिळतील? त्या शाळांत एरवी बसणाऱ्या मुलांचे पुढे काय होणार, हे त्या बैठकीत कोणी विचारत नाही, कारण ते विचारण्याची जबाबदारी नेमून कोणावर दिलेलीच नाही. या पत्राद्वारे मला मांडायचे आहे ते एवढेच, की आपत्तीत सापडलेल्या मुलांचे शिक्षण आपल्याकडे पैशाअभावी जितके बुडते त्याहून अधिक समन्वयाअभावी बुडते आणि हा समन्वय पाऊस सुरू होण्याआधी कागदावर आणता येण्याजोगा आहे.

माझी नोकरी शिक्षण विभागात, शिरोळ तालुक्यात झाली. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी झेलणारा हा तालुका आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगितले म्हणजे खालच्या गावांत काय झाले असेल याची कल्पना यावी. गावेच्या गावे उठून जयसिंगपूर, इचलकरंजी, मिरजेकडे गेली. ज्यांची जनावरे होती ती कुटुंबे साखर कारखान्यांच्या आवारात उतरली आणि घरातली थोरली मुले वैरण-पाण्याच्या कामाला लागली. बरीच कुटुंबे सीमेपलीकडे कर्नाटकात, चिकोडी तालुक्यातल्या नातलगांकडे गेली. म्हणजे एका वर्गातली मुले दोन राज्यांत आणि तीन-चार तालुक्यांत पांगली. त्यांची एकत्रित यादी कोणाकडेही नव्हती. निवारा केंद्रातल्या नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचे नाव, माणशी संख्या आणि गाव एवढेच लिहिलेले असे. मूल कितवीत शिकते, कोणत्या शाळेत शिकते, याला त्या वहीत रकानाच नव्हता.

पाणी ओसरल्यावर शाळा उघडली की आत काय दिसते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गाळाची रेघ उमटलेली असते. पोषण आहाराच्या तांदळाची पोती फुगून आंबलेली असतात आणि तो वास कित्येक दिवस भिंतींतून जात नाही. सर्वांत अवघड काम जनरल रजिस्टरचे, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या कायम नोंदवहीचे. त्याची पाने एकमेकांना चिकटून त्याचा जणू लगदा झालेला असतो आणि ती उलथन्याने, सावकाश, एकेक करून सोडवावी लागतात. शाईपेनाने लिहिलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. बॉलपेनाच्या त्या मानाने टिकतात. ज्याच्या आजोबांची जन्मतारीख आणि जात त्या पानावर होती त्याला उद्या जातपडताळणीच्या वेळी हेच पान लागणार असते. हे काम करायला मुख्याध्यापक आणि शिक्षक शाळेत असावे लागतात आणि नेमके त्याच वेळी ते शाळेत नसतात.

ते नसतात याला कायद्याचाच आधार आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली, पण त्याला तीन अपवाद ठेवले: दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारणाचे काम. हा अपवाद मुळात गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण गावाची खडान्‌खडा माहिती शिक्षकाइतकी क्वचितच कोणाला असते. प्रश्न आहे तो आपत्ती निवारण म्हणजे काय समजायचे याचा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला निघतात, शिक्षकाला धान्यवाटपाच्या याद्यांवर बसवले जाते आणि शाळा सुरू करणे हे या सगळ्यातून सवड मिळाली तर करायचे काम ठरते. वास्तविक शाळा सुरू करणे हेच आपत्ती निवारणाचे काम आहे, असे एका ओळीचे परिपत्रक निघाले तर कायद्याला धक्का न लावता हा तिढा सुटू शकतो. पूरग्रस्त गावातला शिक्षक आपल्याच वर्गातल्या मुलांचा माग काढण्यासाठी मोकळा ठेवावा आणि बाकीच्या याद्यांसाठी पूर न आलेल्या तालुक्यांतील मनुष्यबळ आणावे. एका शिक्षिकेने २०१९ मध्ये निवारा केंद्राच्या व्हरांड्यात रोज सकाळी नुसती हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. न आलेल्यांच्या पालकांना ती फोन लावी आणि वहीत ‘मामाकडे’, ‘कारखान्यावर’, ‘फोन लागत नाही’ असे शेरे लिही. तिच्या वर्गातले कोणते मूल कुठे आहे हे तालुक्याच्या कार्यालयाला ठाऊक नव्हते, तिला ठाऊक होते.

मदतीच्या निकषांकडे पाहिले तरी हीच उदासीनता दिसते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दगावलेल्या दुभत्या गायी-म्हशीमागे ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये असा दर ठरलेला आहे. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबामागे प्रत्येकी २,५०० रुपये आहेत. शाळेच्या इमारतीच्या दुरुस्तीचीही तरतूद आहे. दप्तराची मात्र नाही. दुष्काळ जाहीर झाल्यावर ज्या सवलती लागू होतात त्यांत कर्जाचे पुनर्गठन, वीज बिलातील सूट, टँकर यांच्या जोडीला शिक्षणाच्या वाट्याला येते ती परीक्षा शुल्कातील माफी. परीक्षेला बसण्याइतपत ज्याचे शिक्षण टिकले त्यालाच तिचा उपयोग, हे उघड आहे.

सरकारी मदतीच्या शेजारी समाजाची मदत उभी राहते आणि महाराष्ट्राने त्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु ही मदत जिथे गाडी पोहोचते तिथेच पोहोचते. हमरस्त्यालगतच्या गावात एकेका मुलाकडे तीन-तीन दप्तरे जमा होतात आणि आतल्या वाडीवर एक वही जात नाही. पहिली-दुसरीच्या पाट्या-पेन्सिलींचा ढीग लागतो, पण नववीच्या मुलीला विज्ञानाचे पुस्तक आणि प्रयोगवही कोण देणार हे ठरलेले नसते. समग्र शिक्षा अभियानाची मोफत पुस्तके आठवीपर्यंतच असल्याने नववी-दहावीची मुले तर अगदीच अधांतरी राहतात. बालभारतीची पाठ्यपुस्तक भांडारे कोल्हापूर आणि लातूर येथे आहेत, म्हणजे कृष्णाकाठ आणि मराठवाडा या दोन्ही पूरपट्ट्यांच्या जवळच आहेत. पूरप्रवण तालुक्यांतील पटसंख्येनुसार काही संच तिथे राखीव ठेवणे आणि ते कोणाच्या सहीने बाहेर पडतील हे आधी ठरवणे, याला फार मोठा खर्च येणार नाही.

जगात या प्रश्नाचा विचार बराच पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतव्यवस्थेत पाणी, निवारा, आरोग्य यांच्याबरोबर शिक्षणाचाही एक स्वतंत्र समन्वय गट असतो. ‘एज्युकेशन क्लस्टर’ या नावाने तो ओळखला जातो आणि जागतिक पातळीवर त्याचे नेतृत्व युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन या दोघांकडे संयुक्तपणे आहे. त्याचे पहिले काम अगदी साधे असते. कोणती संस्था, कोणत्या गावात, काय करते आहे याचा एकच तक्ता तयार करायचा आणि तो सर्वांना खुला ठेवायचा. त्यातून दुबार मदत कुठे होते आणि कोणते गाव सुटले हे डोळ्यांना दिसते. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला, १२ मे रोजी पुन्हा मोठा धक्का बसला, हजारो वर्गखोल्या कोसळल्या, तरीही भूकंपग्रस्त जिल्ह्यांतील शाळा ३१ मे रोजी उघडल्या. बांबू आणि ताडपत्रीची तात्पुरती शिक्षण केंद्रे उभारली गेली, अभियंत्यांनी इमारती तपासून सुरक्षित इमारतींवर हिरवे आणि असुरक्षित इमारतींवर लाल स्टिकर लावले. नेपाळ आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तिथे समन्वयाची ही रचना भूकंपापूर्वीपासून होती आणि शासनाचा शिक्षण विभाग तिच्या अग्रभागी होता, हा फरक आहे. ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या आंतरराष्ट्रीय निधीच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगात संकटग्रस्त आणि शिक्षणासाठी मदतीची गरज असलेली मुले सुमारे २३ कोटी ४० लाख आहेत. हा आकडा युद्धग्रस्त देशांचाच आहे असे समजून आपण तो बाजूला सारू नये. पूर, दुष्काळ आणि वादळांनी शाळा तुटलेली मुलेही त्यात आहेत.

आपल्याकडे उदाहरणे नाहीत असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार माजवला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्याच भूकंपानंतर समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले. एका प्रयत्नात मुले गावापासून दूर गेली, दुसऱ्यात आपल्याच मुलुखात राहिली. मला व्यक्तिशः दुसरी वाट अधिक पटते, कारण मुलाला भाषा, माती आणि उरलीसुरली नाती यांच्याजवळ ठेवता येते. पण दोन्ही ठिकाणी जबाबदारी घेणारे कोण आहे हे स्पष्ट होते आणि मदतीचा ओघ आटल्यावरही ते मागे हटले नाहीत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मात्र ही स्वयंसेवी पुण्याई होती. ती प्रत्येक आपत्तीत, प्रत्येक तालुक्याला लाभेल असे गृहीत धरून शासनाला बसता येणार नाही.

शासनाने मनावर घेतले तर काय होते, हे कोविडकाळात दिसले. २०२१ मध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले, महिला व बालविकास, आरोग्य, पोलीस असे विभाग एका टेबलावर आले, मुलांच्या याद्या तयार झाल्या आणि पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीचा निर्णय झाला. त्यातही उणिवा राहिल्या असतील, पण मुलाचे नाव कोणाच्या यादीत आहे हे विचारायला एक दार होते. हीच रचना पूर, दरड आणि दुष्काळासाठी कायम का ठेवू नये? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात आणि जिल्हा आराखडा करणे हे त्यांचे काम आहे. त्या आराखड्यात शिक्षण समन्वय अधिकारी म्हणून एका व्यक्तीचे नाव, पर्यायी व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक छापणे कोणत्याही नव्या कायद्याविना शक्य आहे.

मराठवाडा आणि लगतच्या सोलापूरसाठी हा विषय आणखी निकडीचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि इतर नद्यांच्या पुराने सोलापूर, धाराशिव, बीडमधील शेती खरवडून नेली. पाठोपाठ ऊसतोडीचा हंगाम येतो. ज्याच्या शेतातली मातीच वाहून गेली तो कोयता घेऊन निघणार आणि त्याच्याबरोबर मूलही निघणार, हे सांगायला अभ्यासगट नको. म्हणजे पुरामुळे बंद पडलेली शाळा उघडेपर्यंत पटावरचे मूल कारखान्याच्या तळावर पोहोचलेले असते. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आधीपासून आहे, मूल जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे. तेच कार्ड निवारा केंद्रात दाखल होणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला पहिल्या दोन दिवसांत द्यावे. दाखला नाही, आधार कार्ड वाहून गेले, अशा सबबींवर मुलाला दारातून परत पाठवता येत नाही, शाळा बदलण्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहेच. हातात कार्ड असले की गोंधळलेल्या आईबापांना कायदा पाठ म्हणून दाखवावा लागणार नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलांसाठी कोल्हापूर, सांगली, बेळगाव या जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यावर दोन राज्यांचे अधिकारी बोलतात, तर मुलांवर बोलायला हरकत नसावी.

निवारा केंद्रांबाबतही एक व्यवहारी सूचना आहे. शाळा ताब्यात घेणे अटळ असते, हे मान्य. पण ती किती काळ ताब्यात राहील याची मुदत ताबा घेतानाच लेखी असावी, मंगल कार्यालये आणि बाजार समित्यांची गोदामे यांची यादी आधी संपवून मगच शाळांकडे वळावे आणि शाळाच घ्यावी लागली तर किमान एक खोली व कार्यालयातील दप्तर यांना हात लावू नये. जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली प्रत तालुक्याला ठेवावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात, गावच्या शाळेतली चाळीस सालची नोंद तिथे मिळत नाही.

यंदाच्या मान्सूनपूर्व बैठका अद्याप व्हायच्या आहेत किंवा चालू आहेत. आपल्या वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे: आराखड्यात शिक्षण समन्वयक म्हणून कोणाचे नाव आहे, निवारा केंद्राच्या नोंदवहीत मुलाची इयत्ता आणि शाळा यांचा रकाना आहे का, आणि पूरग्रस्त गावांतील शिक्षकांना याद्यांच्या कामातून वगळण्याचा आदेश निघाला आहे का. मिळालेली उत्तरे, आणि न मिळालेली असतील तर तसे, जिल्हावार छापावीत.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर