भाडेकरूलाही कळू द्या, घरात रेडॉन किती आहे

माननीय गव्हर्नर, पेनसिल्व्हेनिया राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते जाहीर करते आहे, कारण फिलाडेल्फियाच्या आसपास भाड्याने राहणाऱ्या आमच्यातल्या कित्येकांनी रेडॉन या किरणोत्सारी वायूचं नावही ऐकलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मीही ऐकलं नव्हतं.

माझ्या बाळंतपणाला आई नागपूरहून आली, सहा महिने राहिली. तिची खोली तळघरात होती. "इथं थंडं थंडं बरं वाटते," म्हणत दुपारभर बाळाला घेऊन ती खालीच असायची. ती परत गेल्यावर शेजारणीने सहज विचारलं, रेडॉन तपासलंय का? मग मी किट आणलं. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी, आत कोळसा. दारं-खिडक्या लावून तीन दिवस ती तळघरात उघडी ठेवली आणि प्रयोगशाळेला पाठवली. निकाल आला ९.२ पिकोक्युरी प्रति लिटर (पिकोक्युरी हे किरणोत्सार मोजायचं एकक). केंद्रीय पर्यावरण संस्था ४ च्या पुढे दुरुस्ती करायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर याहूनही कमी पातळीची, सुमारे २.७ ची आहे.

घरमालकांना कळवलं. "तपासणी किंवा दुरुस्ती करायचं कायद्याने बंधन नाही," एवढंच उत्तर आलं. ते खोटं बोलले नव्हते, म्हणून तर आपल्याला लिहिते आहे.

राहत्या घरातही रेडॉन असतो हे अमेरिकेत सर्वदूर कळलं ते मुळी आपल्या राज्यातून. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज प्रकल्पातले अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजू लागली. प्रकल्पातून वीज अजून निघतही नव्हती. किरणोत्सारी कण ते घरून अंगावर घेऊन येत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात रेडॉन निघाला सुमारे २,७०० पिकोक्युरी. खडकातल्या युरेनियमपासून हा वायू तयार होतो आणि पायाच्या भेगांतून वर येतो. रंग नाही, वास नाही. देशात दरवर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, असा केंद्रीय पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. त्यांत कधीच सिगारेट न ओढलेलेही आहेत.

आपल्या राज्यात घर विकणाऱ्याला रेडॉनबद्दल जे ठाऊक आहे ते विकत घेणाऱ्याला लेखी सांगावं लागतं. भाडेकरूची फुप्फुसं काही वेगळी नसतात. अमेरिकेतल्याच मेन (Maine) राज्यात घरमालकाने तपासणी करून निकाल भाडेकरूला देणं कायद्याने बंधनकारक आहे. तसाच कायदा इथे आणा: तपासणी सक्तीची, निकाल भाडेकराराला जोडलेला, आणि ४ च्या वर असेल तर ठरावीक मुदतीत दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे घर पाडणं नव्हे. जमिनीखालून छपरावर जाणारा एक पाइप आणि त्यावर सतत फिरणारा पंखा. आम्ही नंतर घेतलेल्या घरात ते बसवलं. पाइपवरच्या वाकड्या नळीत रंगीत द्रव एका बाजूला चढलेला दिसला, की पंखा ओढतोय हे कळतं. रोज सकाळी मी तिकडे एकदा बघते.

त्या जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. तळघराच्या खिडकीत खेळणी दिसली, तेव्हा आमच्या निकालाची प्रत मी त्यांच्या टपालपेटीत टाकून आले. हे काम जुन्या भाडेकरणीवर सोडू नका.

आपली,
एक माजी भाडेकरू