पूर्ण एक मिनिट नाडी मोजणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सोलापुरातल्या म्हाताऱ्या माणसांची नाडी तुम्ही बोटांनी, पूर्ण 60 सेकंद मोजता. त्यासाठी हे जाहीर आभार. 15 सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा 76 येतो, बीपीच्या मशीनवरही 76 दिसतो, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या वहीत आकड्यापुढे 'नियमित' किंवा 'अनियमित' लिहिलेलं असतं. एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या आजाराचा, पहिला सुगावा आम्हाला त्या शब्दातून लागतो. नाडी अनियमित असली की एका वेळचं बीपी भरवशाचं नसतं, म्हणून तुम्ही ते तीनदा घेऊन सरासरी लिहिता.

ईसीजीतही तेच. थंडीने किंवा कंपवाताने हात थरथरले तर रेषा फिब्रिलेशनसारखीच दिसते. तुम्ही आधी पांघरूण घालता, हात सैल सोडायला सांगता, मग ईसीजीतल्या 'लीड दोन' या जोडणीची लांब पट्टी काढता. पी लहर (वरचे कप्पे नीट आकुंचन पावत असल्याची खूण) आहे की नाही ते त्यावर नीट कळतं. पट्टी चांगली आली तरी धडधडीची तक्रार तुम्ही खोडत नाही. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा. येऊन-जाऊन होणाऱ्या त्रासाला होल्टरच, म्हणजे दिवसभर अंगावर राहून ठोके नोंदवणारं यंत्र, लावावं लागतं.

पण खरं ऋण गोळ्यांचं आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यालगतच्या पिशवीत रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. धोका साधारण पाचपट. धडधड थांबली की रक्त पातळ करणारी गोळीही परस्पर थांबवली जाते. ती का थांबवायची नाही, हे तुम्ही मराठीत, कानडीत, तेलुगूत न कंटाळता सांगता. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) बहुधा 2 ते 3 मध्ये राहायला हवा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा परिणाम कमी करतं, त्यासाठी भाकरीबरोबरची मेथी सोडायची नाही, दर आठवड्याला सारखीच खायची. डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल फोडायची नाही. गुडघेदुखीला दुकानातून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

नाडी 50 च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर 'वय झालं' म्हणून न सोडता त्याच दिवशी पाठवता, हेही फार मोलाचं.

एक विनंती. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की लघवीची गोळी घेणाऱ्यांचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) तपासायची आठवण त्यांना तुम्हीच करून द्या. तुमचं ते ऐकतात.

आपले कृतज्ञ,
सोलापुरातील काही फिजिशियन