ट्रायकोकार्ड बांधताना माशीची चाल लक्षात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुरू हंगामाच्या उसात खोडकिडीने पोंगे (मधले कोवळे शेंडे) वाळायला लागले की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात दरवर्षी तेच ऐकू येते, "ट्रायकोकार्डं लावली, पण फरक काही पडला नाही." ट्रायकोकार्ड म्हणजे आत ट्रायकोग्रामा ही मित्रमाशी वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद. कधी कार्डच शिळे असते, हे मान्य. पण पुष्कळदा कार्ड चांगले असते आणि बांधणी चुकलेली असते. कार्ड देताना कुठे टाचायचे एवढे सांगतात, पण त्यातून निघणारी माशी किडीची अंडी शोधते कशी, हे कोणी सांगत नाही. ते कळले तर टाचायची जागा शेतकऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

ट्रायकोग्रामा चिलोनिस ही कुळाने गांधीलमाशीची नातलग, पण अंगाने अर्धा मिलिमीटरच्या आसपास. ती खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली अळी किडीचा गर्भ खाऊन वाढते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडे काळे पडते आणि साधारण आठव्या दिवशी त्यातून पोंगा पोखरणाऱ्या अळीऐवजी माशीच बाहेर पडते. या माशीचे शेतातले आयुष्य चार-पाच दिवसांचे, आणि बहुतेक अंडी ती पहिल्या एक-दोन दिवसांतच घालून मोकळी होते. उडण्याची ताकद जेमतेम. वारा नेईल तिकडे जायचे. अशा जिवाला एकरभर पानांच्या पसाऱ्यात पानाखाली चिकटलेला चपटा अंडीपुंज शोधायचा असतो. सगळे रान धुंडाळणे तिला परवडत नाही, म्हणून ती वासाच्या आधाराने शोधाचा परीघ लहान करत जाते.

पहिली अडचण वेळेची. खोडकिडीचा पतंग रात्रीचा, माशी दिवसाची. दोघांची भेट व्हायचे कारण नाही. कोबीवरच्या पतंगावर युरोपात झालेल्या प्रयोगांत यातला दुवा सापडला. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी रात्री जो कामगंध सोडते, त्यातला थोडा पानाच्या मेणचट पृष्ठभागात मुरतो आणि दुसऱ्या दिवशीही दरवळत राहतो. जिथे रात्री मादी बसली तिथे किंवा जवळपास अंडी असण्याची शक्यता जास्त. हा शिळा वास आला की ट्रायकोग्रामा उडणे सोडून पानावर उतरते आणि चालायला लागते. याच कुळातली एक जात तर कोबीच्या पांढऱ्या फुलपाखराच्या, त्यातही समागम झालेल्या मादीच्या अंगावर बसून अंडी घालायच्या जागेपर्यंत फुकट प्रवास करते. हे 2005 साली प्रसिद्ध झाले.

पानावर उतरल्यावर वासाचा दुसरा पदर लागतो, पतंगाच्या पंखांवरून झडलेल्या खवल्यांचा. अंडी घालताना मादी पतंगाकडून थोडे खवले पानावर सांडतात. त्यातले ट्रायकोसेन हे द्रव्य ट्रायकोग्रामाला शोधाला लावते, हे अमेरिकेत 1973 साली दाखवले गेले. खवले लागले की तिची सरळ चाल मोडते. वेग कमी होतो, वळणे वाढतात आणि त्याच दोन-चार सेंटीमीटरमध्ये ती पुन्हा पुन्हा फिरते. काहीच लागले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा सरळ चालू लागते आणि जागा सोडते.

अंडे सापडले की लगेच अंडी घालायची नळी खुपसली, असेही होत नाही. भिंगाखाली हे बघण्यासारखे असते. ती अंड्यावर चढते, मिशांच्या टोकांनी ढोल बडवावा तसे अंडे बडवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालते. या पहिल्या फेरीला किती वेळ लागला यावरून तिला अंड्याचा आकार कळतो आणि आत किती अंडी घालायची ते ठरते. लहान अंड्यात एकच, मोठ्या अंड्यात अनेक. आधी कुणी अंडे घालून गेले असेल तर बहुधा तिला तेही समजते आणि ती पुढे सरकते. गर्भ वाढून डोक्याचा काळा ठिपका दिसू लागलेले अंडे तिच्या उपयोगाचे नसते. खोडकिडीचे अंडे उबायला चार ते सहा दिवस लागतात, म्हणजे त्यातले पहिले दोन-तीन दिवसच कामाचे.

आता बांधावरच्या गोष्टी. शिफारस हेक्टरी 50 हजार परोपजीवींची (म्हणजे किडीवर वाढणाऱ्या या माश्यांची), म्हणजे एकरी साधारण 20 हजार. 1 सीसीच्या (एक घन सेंटिमीटर अंडी असलेल्या) कार्डावर जवळजवळ तेवढीच अंडी असतात. एकरी एक कार्ड हा हिशेब बरोबर आहे, पण ते कार्ड दोन-चार तुकडे करून बांधाकडेच्या उसाला टाचणे चूक. माशी बाहेर पडल्यावर आठ-दहा मीटरपलीकडे फारशी जात नाही. एकर म्हणजे 4 हजार चौरस मीटर. दर दहा मीटरला एक पट्टी धरली तर 40 पट्ट्या लागतात. साडेचार फुटी सरीत दर सातव्या सरीला, आणि सरीत चालताना दर दहा मीटरला एक. कंटाळवाणे काम आहे, तासभर जातो. पण एकाच ठिकाणी पाच हजार माश्या निघाल्या तर त्या सापडलेल्या थोड्या अंड्यांवर एकमेकींच्या मागून अंडी घालत बसतात, आणि रानाचा मधला भाग कोराच राहतो. उन्हाळ्यात वारा ज्या बाजूने येतो त्या कडेला पट्ट्या थोड्या दाट ठेवाव्यात. माशी वाऱ्याबरोबर पुढे जाते, उलटी येत नाही.

पट्टी कापताना अंडी नसलेल्या कडेला धरावी. मधल्या पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांवर ऊन-पाणी पडणार नाही अशी, संध्याकाळी टाचावी. माश्या बहुतेक सकाळी निघतात, त्यांना थंड वेळ मिळते. मार्च-एप्रिलच्या दुपारी 35 अंशांच्या वर पारा गेला की त्यांचे काम मंदावते, म्हणून भर दुपारी टाचलेल्या कार्डाचा दोष कार्डाला देऊ नये. पट्टीपाशी मुंग्यांची रांग दिसली तर पट्टी हलवा. मुंग्या एका रात्रीत सगळी अंडी नेतात.

कार्ड नेताना मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवणे म्हणजे ते भाजणेच. लगेच लावायचे नसेल तर साधारण 10 अंश तापमानात, घरच्या फ्रिजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात, थोडे दिवस चालते. बर्फाच्या कप्प्यात नाही. लावण्याआधी भिंगातून बघा. अंडी काळी आणि भरीव हवीत. काळ्या अंड्यांना बारीक गोल भोके पडलेली असतील तर माश्या आधीच उडून गेल्या, तुम्ही नुसता कागद टाचताय. बरीच अंडी पांढरट राहिली असतील तर ती परोपजीवी झालेलीच नाहीत.

लावायचा दिवस कॅलेंडरवरून ठरवू नये. ही जागा आमच्या मते सर्वात जास्त चुकते. कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागले की कार्ड लागले पाहिजे. वाळलेले पोंगे दिसल्यावर लावलेल्या कार्डाला त्या अळीचे काहीच करता येत नाही, कारण अळी आत आणि अंडे संपलेले. नेहमीच्या शिफारशीत दर दहा-पंधरा दिवसांनी प्रसारण, म्हणजे कार्ड लावून माश्या सोडणे, सांगतात. माशी चार-पाच दिवस जगते आणि अंडे दोन-तीन दिवसच कामाचे असते, हे धरले तर मध्ये मोठी पोकळी राहते. तेवढेच कार्ड निम्मे-निम्मे करून आठवड्याला लावणे आम्हाला जास्त पटते. क्लोरपायरीफॉससारखी फवारणी झालेल्या रानात मात्र आठवडाभर कार्ड नेऊ नये, आणि लावल्यावर आठवडाभर फवारू नये. पाचट पेटवणाऱ्यांनी तर कार्डाचा विचारच करू नये. पाचट सरीत राहिले की खोडकीड तशीही कमी लागते, बाळबांधणीनेही (उसाच्या बुडाला मातीची हलकी भर दिल्यानेही) ती कमी होते.

अळी खोडात शिरल्यावर तिच्या मागावर दुसरी माशी असते, कोटेशिया फ्लॅविपस. तिची शोधण्याची रीत निराळी. तिला पतंगाच्या खवल्यांशी देणेघेणे नाही. पोखरलेल्या खोडाचा आणि भोकाबाहेर आलेल्या भुशाचा वास तिला खुणावतो, आणि ती सरळ बोगद्यात घुसते. कुरतडलेले झाड स्वतःच वास सोडून अशा माश्यांना बोलावते, हे 1990 साली अमेरिकेत मक्यावर दिसून आले. 2002 साली सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला तेव्हा डिफा, मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक आणि ईशान्येकडून आणलेली एन्कार्सिया ही माशी कामी आली. तिचे गणित पुन्हा तिसरेच, माव्यापुरते. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावरची अनागायरस माशी मुंग्यांच्या पहाऱ्यामुळे हात हलवत परतते, म्हणून तिथे आधी मुंग्या आवरायच्या. एकच उपाय सगळीकडे लावता येत नाही तो यामुळे.

कार्ड चालले की नाही हे पाहण्यासाठी लावल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी दहा ठिकाणची पाने उलटून अंडीपुंज शोधा. सबंध काळे अंडे माशीचे. नुसता काळा ठिपका दिसत असेल तर ते किडीचे, आणि दोन दिवसांत त्यातून अळी निघणार. हा फरक न कळल्याने पुष्कळ जण यश-अपयश उलटे मोजतात.

कार्ड वाटणाऱ्या कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना आमची एकच विनंती. कार्डावर माश्या निघायची अपेक्षित तारीख ठळक छापावी, आणि वाटप गटवार एकाच दिवशी न करता ज्या गावच्या सापळ्यात पतंग चढले त्या गावाला आधी द्यावे.

आपले,
ऊस पीक संरक्षणात काम करणारे काही कृषी पदवीधर,
कराड व वाळवा