दगडावर बसलेला मोशे

प्रिय आई, बाबा,
सलाम.

फोन केला की बाबा "आम्ही ठणठणीत" म्हणून तो आईकडे देतात, आणि आई जेवणात काय केलंस ते विचारते. म्हणून लिहितेय.

आधी माझी लपवाछपवी सांगते. सप्टेंबरात "थोडा ताप आहे" म्हणाले होते, तो चिकुनगुनिया होता. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटं दोन महिने धड वळेनात. नळ फिरवता येईना, डब्याचं झाकण उघडेना, पोराच्या शर्टाची बटणं लागेनात. हे दुबईला, तुम्ही नगरला. कोणालाच कळवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. तुमचीच मुलगी ना!

रोज पहाटे प्रार्थना करायचे, प्रभू, सामर्थ्य दे. आता कळतंय, मला त्याचं सामर्थ्य नकोच होतं. माझंच संपलेलं परत भरून हवं होतं, मोबाइलच्या रिचार्जसारखं, म्हणजे कोणापुढे तोंड वेंगाडायला नको.

बोटं काही सुटली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र न विचारता आल्या आणि आमचीही कणीक मळू लागल्या. चर्चच्या मंडळीतल्या दोघी आळीपाळीने पोराला शाळेत सोडायच्या. मला इतकी लाज वाटायची की एकदा काकूंना "बाई लावलीय" असं चक्क खोटं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि परात पुढे ओढली.

त्याच दिवसांत बायबलातल्या निर्गमाचा 17 वा अध्याय वाचनात आला. बाबा, संडेस्कूलमध्ये तुम्ही तो कितीदा शिकवलात! आम्हा मुलांना फक्त यहोशवाची अमालेकी लोकांशी झालेली लढाई आवडायची. पुढारी मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. देवाची काठी घेऊन टेकडीवर उभा राहिलेला माणूस, तरी हात जड झालेच. आणि देवाने त्या हातांत बळ भरलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. बसायला दगड दिला, आणि त्याचा भाऊ अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे गेले तेव्हा मोशे 80 वर्षांचा, अहरोन 83 चा. म्हणजे हात धरणारा वयाने आणखी थोरला! हूरबद्दल तर पवित्रशास्त्र फारच थोडं सांगतं. माझा हूर कणीक मळतो, आणि संकष्टी धरतो.

बाबा, न्हाणीत पडल्याचं तुम्ही दोघांनी आठ दिवस लपवलंत. मी आणलेल्या वॉकरवर टॉवेल वाळतात. विचारलं तर म्हणता, "प्रभू चालवतो मला." चालवतोच. पण दगडावर बसला म्हणून मोशेचा विश्वास कमी पडला, असं तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाहीत. आणि आई, स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळत तू बाबांना एकटीच उठवतेस. अहरोनाच्या जोडीला हूर होता, हे विसरू नकोस.

पाळकसाहेबांशी बोलले आहे. सोमवारपासून बाबांच्या अंघोळीच्या वेळी मंडळीतला एक तरुण येईल. त्याला नुसता चहा पाजून परत पाठवू नका.

मी शनिवारी येते. मोठ्या कुकरचं झाकण अजून मला उघडत नाही. ते तू उघड, आई. रस्सा मी करते.

तुमची,
धाकटी