कागदी बगळ्यांबाबत आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनासाठी वाचनालयाच्या ओसरीत आपण एक हजार कागदी बगळ्यांचं तोरण लावणार आहोत. निम्म्याहून जास्त घड्या अजून व्हायच्या आहेत, म्हणून ही आठवण.

कागद १५ सेंमीचा चौकोनी घ्या. जुनी कॅलेंडरं, वह्यांची पानं चालतील. चमकीचा कागद नको, त्यावर घडी बसत नाही. पंख शेवटी हलकेच ओढून उघडा. पोटाखाली बारीकसं छिद्र राहतं, तिथूनच सुई वर घालायची. एका दोऱ्यात ४० बगळे, असे २५ दोरे. अंगणातल्या झाडाला टांगायचा विचार होता, पण श्रावणातल्या सरींत एकही टिकायचा नाही.

हे बगळे जिच्या आठवणीत करतो ती हिरोशिमाची मुलगी, सादाको सासाकी, अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. हजार बगळे केले की इच्छा पुरी होते अशी जपानी समजूत, म्हणून १९५५ साली ल्युकेमियाने (रक्ताच्या कर्करोगाने) इस्पितळात पडून असताना ती औषधाच्या पुड्यांच्या कागदाचेही बगळे करायची. ऑक्टोबरमध्ये ती गेली, अवघ्या बाराव्या वर्षी. तिच्या वर्गातल्या मुलांनी पुढाकार घेतला, जपानभरच्या शाळकरी मुलांनी पैसे जमवले आणि १९५८ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात बालस्मारक उभं राहिलं. आजही जगभरातून तिथे बगळ्यांच्या माळा येतात. युद्धाच्या बातम्या रोज घरात येत असताना मला हे काम फार जवळचं वाटतं.

घरातल्या मुलांना सोबत बसवा, गोष्ट नक्की सांगा. तयार बगळे ३ ऑगस्टपर्यंत वाचनालयात द्या, खोक्यात सैल ठेवून. पिशवीत कोंबले की चोची मोडतात. ओवायला ५ तारखेला संध्याकाळी ६ वाजता जमू. सुया घेऊन या.