तुझा अनुस्वार अजून तिथेच आहे

महाल, नागपूर
२९ डिसेंबर

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुझे दोन फोन राहून गेले, माहीत आहे. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर ठीक. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

गेल्या शनिवारी पोट्टीला घेऊन चिखलदऱ्याला मुक्कामी गेलो. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष तिचं, गाविलगडाच्या मोठ्या मशिदीचं मोजमाप करायचं होतं. परतवाड्याहून घाट चढलो, खोलीवर सामान टाकलं आणि थेट किल्ला. दोन किल्ल्यांमधल्या त्या दरीत आपण नुसत्या आरोळ्या ठोकल्या होत्या. तिने मला तिथे उभं करून सांगितलं, की १५ डिसेंबर १८०३ला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज तोफांनी फोडलेल्या उत्तरेच्या तटातून आत शिरली, पण बघतात तर मध्ये ही दरी आणि पलीकडे आतला किल्ला. मग एक तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने आतून दार उघडलं. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह, आणि वऱ्हाड आपल्या महालातल्या वाड्याच्या हातून गेलं. ऐकताना अंगावर काटा आला बे.

मशिदीत ती टेप लावत होती, दुसरं टोक माझ्या हातात. एका भिंतीपाशी थांबली आणि मोठ्याने वाचलं, ‘गोटू, बंड्या, सुऱ्या. महाल. १९९३.’ म्हणाली, ‘बाबा, आपल्याच महालातले पोट्टे. हात कसा धजावला यांचा?’

घरात मला गोटू कोणी म्हणत नाही. माझ्या हातातून टेप सुटली.

ती पुढे गेल्यावर मी बघितलं. सुऱ्याचा ‘ऱ्या’ अजूनही चुकलेला आहे. पण तुझं ‘बं’! कर्कटकाचं टोक तू इतकं फिरवलं होतंस, की त्या अनुस्वारात माझ्या करंगळीचं टोक बसलं. कडेचा चुना भुरभुरतो, बोटाला पांढरी पूड लागली. त्याच्या खालचा वीतभर गिलावा सुटून आला आहे. पाणी तुझ्या त्या भोकातूनच मुरलं की तो आधीच फुगलेला होता, हे मी खूप आठवून पाहिलं. आठवत नाही.

कर्कटक कोणाचं, हा वाद काढू नको. तुझंच होतं. त्यावरून आणि त्या संत्र्यांच्या पिशवीवरून आपण एसटीत वाडी नाक्यापर्यंत एकमेकांशी बोललो नव्हतो. पण ‘महाल’ मी कोरला. आपलं गाव कळलं पाहिजे म्हणून.

संध्याकाळी फॉरेस्टवाल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, व्याघ्र प्रकल्पाचं जंगल ते. रात्री ती दोन रजया गुंडाळून फोटो लावत बसली. ‘नुकसान’ नावाचं फोल्डर, त्यात आपली नावं आठ वेळा. पुरातत्त्वच्या निळ्या पाटीचाही फोटो : दोन वर्षं कैद, एक लाख दंड. दंडाचं मला काही वाटलं नाही. पण तिने मान वर न करता विचारलं, ‘बाबा, तुम्ही अकरावीत आला होता ना इथे, तेव्हा होती का ही नावं?’

मी म्हटलं, ‘लक्षात नाही.’

बंड्या, खोटं बोलली म्हणून ती सात वर्षांची असताना मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाहेर थंडीत व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो, किल्ल्याच्या बाजूला मिट्ट काळोख.

आपणच चुना नेऊन बुजवावं असंही मनात आलं. पण ते आणखी वाईट, ते जाणत्या माणसांचं काम. पुरातत्त्वचं ऑफिस नागपुरातच आहे, तिथे लेखी कळवायचं मी ठरवलं आहे. पण त्याआधी रविवारी तिला सांगणार. ती तुला विनूकाका म्हणते, बंड्या कोण हे विचारल्याशिवाय राहणार नाही. तुझं नाव सांगू का? अर्जावर तुझी सही असली तर मला बरं वाटेल.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिरंजीवाचा दहावीचा अभ्यास चालू असेलच. सुऱ्याला इतक्यात बोलू नको, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. शनिवारच्या आत फोन कर, रात्री दहानंतर, ती झोपल्यावर.

तुझा,
गोटू