सीए काय ४९ साली आकाशातून पडले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. सीए डेला तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला, छान होता, पण त्यात सगळी गोष्ट सीएंची संस्था निघाली त्या १ जुलै १९४९ लाच सुरू होते. त्याआधी काय लोक बोटांवर हिशेब करत होते का? मी सीए नाही, सीएच्या ऑफिसात ३२ वर्षं अकाउंट्स लिहिले, म्हणून राहवलं नाही.

१९१३ च्या कंपनी कायद्याने ऑडिटरला सर्टिफिकेट लागायला लागलं आणि त्यातही दोन प्रकार केले. एक सरसकट, अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही चालणारं. दुसरं मर्यादित, म्हणजे फक्त आपल्या प्रांतात आणि सर्टिफिकेटवर जी भाषा लिहिलीय तेवढ्याच भाषेतले हिशेब तपासायचे! सरकारमान्य विलायती संस्थांच्या मेंबरांना मात्र सगळं रान मोकळं, मग चोपडीतलं अक्षर लागो न लागो.

आमच्या आजोबांच्या किराणा दुकानाची लाल कापडाची वही अजून घरी आहे, पानावर एक रेघ नाही, कागदाला घड्या घालून रकाने पाडलेत, खात्यात डावीकडे जमा उजवीकडे नावे, सगळं मोडी लिपीत. इंग्रजी लेजरला नेमकं उलटं, डेबिट म्हणजे नावे डावीकडे. मी आधी आजोबांकडे शिकलेलो त्यामुळे नोकरीचा पहिला महिना नुसती खाडाखोड केली, साहेब हसायचे. पण मेळ दोन्हीकडे पैशापैशाने बसतो हो.

ते मर्यादित सर्टिफिकेट देणं १९२० ला बंद झालं. तोवर मुंबई सरकारने १९१८ ला जीडीए म्हणजे अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा काढला होता, तो पास व्हा, ३ वर्षं आर्टिकलशिप म्हणजे मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली उमेदवारी करा आणि सरसकट सर्टिफिकेट घ्या, विलायतेला जायची गरज नाही. पुढे ऑडिटरच्या सर्टिफिकेटचे १९३२ चे नियम आले, रजिस्टर्ड अकाउंटंट म्हणजे आरए आले. मद्रासच्या आर. शिवभोगम, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या बाई, त्या १९३३ ला अकाउंटन्सीची परीक्षा पास झाल्या, देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट. यातलं एक अक्षर लेखात नाही! ४९ ला अकाउंटंटांचं रजिस्टर सरकारकडून व्यवसायाच्या स्वतःच्या संस्थेकडे आलं, मोठीच गोष्ट, नाही म्हणत नाही, पण माणसं आधीपासूनचीच होती ना.

पुढच्या वर्षी जीडीएवर अर्धा कॉलम तरी द्या. आणि कोणाच्या घरी ते भाषा लिहिलेलं जुनं सर्टिफिकेट असेल तर फोटो छापा, त्यावर मराठी लिहिलेलं मला एकदा बघायचंय.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली